शाईचा सांधा

पेन गळायला लागलं की माणूस आधी निबेकडे बघतो. निब फाकली असेल, शाई पातळ असेल, खिशात आडवं राहिलं असेल. एकेक संशय घेऊन झाला की पेन बाजूला पडतं आणि खिशाला बॉलपेन लागतं. मागची नळी फिरवून उघडावी आणि आत काय चाललंय ते बघावं, हे फार थोड्यांना सुचतं. दुखणं मात्र पुष्कळदा तिथेच असतं. आपण पेन जिथे धरतो त्या भागाच्या पाठीमागून एक बारीक नळी बाहेर आलेली असते. त्या नळीवर कन्व्हर्टर, म्हणजे दट्ट्याने शाई ओढून साठवणारी छोटी नळकांडी, नुसता दाबून बसवलेला असतो. त्याला आटे नाहीत, खिळा नाही, डिंक नाही. प्लास्टिकच्या तोंडाने नळीला घट्ट धरून ठेवायचं, एवढ्यावर सगळा कारभार चालतो. ती पकड सुटली की लिहिणंही बिघडलं.

माझ्या हिरव्या पेनाची ती पकड सुटली होती. पेन तसं चांगलं. निब हाताला बसलेली, वळणावर न अडखळणारी. निबेच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा एक कण असतो. तो आपल्या धरण्याच्या कोनात, आपल्या हाताच्या वजनाखाली, हळूहळू झिजतो. म्हणून वर्षानुवर्षं एकाच माणसाने वापरलेलं पेन दुसऱ्याने हातात घेतलं की त्याला ते खरखरीत लागतं, आणि मालकाच्या हातात तेच पाण्यावरून चालल्यासारखं चालतं. अशी निब कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही, ती लिहून लिहून तयार करावी लागते. त्यामुळे ‘नवं घ्या की’ हा सल्ला मला कधीच पटला नाही. बिघडला होता तो फक्त कन्व्हर्टर, आणि त्यातही त्याचं तोंड, दोन-तीन मिलिमीटरची जागा.

खानदेशात शाईचं पेन वापरणाऱ्याला उन्हाळ्याची रीत आधी शिकून घ्यावी लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. जळगावहून धुळ्याला दुपारच्या एसटीने निघालं, की बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा करत गाडी जाते आणि खिडकीतून येणारा वारा तोंडाला चटके देतो. त्या वेळी खिशातल्या पेनाच्या पोटातही काही घडत असतं. शाईच्या जोडीला आत जी हवा असते ती तापली की फुगते. ३० अंशांची हवा ४५ अंशांना पोचली की तिला साधारण ५ टक्के जास्त जागा लागते, आणि ती जागा शाईला पुढे ढकलूनच तिला मिळते. कन्व्हर्टर काठोकाठ भरलेला असेल तर आत हवाच थोडी, त्यामुळे ढकलणंही थोडं. अर्धा रिकामा असेल तर टोपण काढताक्षणी निबेखाली थेंब तयार. म्हणून प्रवासाला निघताना पेन पूर्ण भरावं किंवा पूर्ण रिकामं न्यावं, आणि खिशात निब वर करून उभं ठेवावं. हा नियम मी कसोशीने पाळतो.

तरीही धुळ्याला पोचून पेन उघडलं की मागची नळी आतून निळी झालेली दिसायची. इथे विचार करायला लागलो. गळती नुसत्या उन्हामुळे असती तर शाई निबेच्या वाटेने बाहेर आली असती. ती मागे येत होती. म्हणजे वाट मध्येच कुठेतरी फुटली होती.

पेनातून शाई बाहेर पडते तेव्हा तिची जागा घ्यायला तेवढीच हवा आत यावी लागते, नाही तर दोन ओळींनंतर पेन कोरडं पडेल. त्यासाठी निबेखालच्या जिभेत शाई उतरायला केसासारख्या चिरा असतात आणि हवा चढायला एक खाच. शाई खाली येते, हवेचा बुडबुडा वर जातो. बुडबुड्याला वर जाणं सोपं नसतं. ओल्या चिंचोळ्या वाटेने त्याला घुसावं लागतं, त्यामुळे कन्व्हर्टरच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा नेहमी किंचित कमी राहतो. ही आतली ओढ शाईला धरून ठेवते. निब कागदाला लागली की कागदाचे तंतू शाईला आपल्याकडे खेचतात. एक ओढ मागे, एक पुढे, आणि त्या दोहोंच्या तोलावर अक्षर उमटतं. लहानपणापासून रोज शाईने लिहिणाऱ्यांनासुद्धा हा तोल माहीत नसतो, कारण तो सांभाळला जात असतो तोवर जाणवतच नाही.

कन्व्हर्टरचं तोंड ढिलं पडलं की हवेला जिभेची अवघड वाट धरायचं कारण उरत नाही. ती सांध्याच्या फटीतून परस्पर आत शिरते. आतली ओढ संपते आणि शाई मोकळी सुटते. काही पुढे जाऊन निबेवर थेंब धरते, काही त्याच फटीतून मागे झिरपते. भरताना तर याहून वाईट. निब दौतीत बुडवून दट्ट्या वर घ्यायला लागावं, तर शाईबरोबर फटीतली हवाही ओढली जाते आणि कन्व्हर्टर अर्धाच भरतो. अर्धा भरलेला म्हणजे आत हवा जास्त, आणि हवा जास्त म्हणजे उन्हात पुन्हा गळती. एका ढिल्या तोंडातून अशी दुखण्यांची साखळी तयार होते, आणि वापरणाऱ्याला वाटतं की शाईच खराब आहे.

हे सगळं वाचून कळलं होतं, पण खरं उमगलं ते शेतात. पारोळ्याकडे माझ्या मामांचा कापूस ठिबक सिंचनावर आहे. जळगाव जिल्ह्यात ठिबक घरोघरच्या बोलण्यात आहे. केळी असो, कापूस असो, पोरंसोरंसुद्धा लॅटरल, ग्रोमेट, टेकऑफ हे शब्द सहज बोलतात. जमिनीतून येणाऱ्या सबमेनच्या पाइपला भोक पाडून त्यात रबरी ग्रोमेट बसवायचं, ग्रोमेटमध्ये टेकऑफ, आणि टेकऑफवर काळी लॅटरल नळी दाबून चढवायची. उन्हात राहून राहून नळीचं तोंड फाकतं. मोटर सुरू केली की सांध्याजवळ पाणी उडतं, तिथे चिखल होतो, आणि ओळीच्या शेवटच्या झाडाजवळचा ड्रीपर कोरडा राहतो. नवखा माणूस तो ड्रीपर काढून साफ करत बसतो. मामा सरळ ओळीच्या डोक्याशी जातात, नळी उपसतात, तिचं तोंड अंगठ्याने चाचपतात, पात्याने बोटभर तुकडा कापतात आणि कोऱ्या काठाने नळी पुन्हा चढवतात. पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचतं.

बांधावर बसून मी त्यांना पेन उघडून दाखवलं. त्यांनी कन्व्हर्टर हलवून बघितला आणि लगेच म्हणाले, “तोंड ढिलं व्हई गयं, भाऊ. थोडंसं कापी टाक.” पेन न वापरणाऱ्या माणसाने निदान केलं, उपायही सांगितला, आणि दोन्ही बरोबर होते. थेंब हवा तेवढाच आणि हवा तिथेच पडावा, यासाठी त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आहे. सगळी भिस्त सांध्यावर असते हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

शाई पेनाच्या पोटात भरायची कशी, हा प्रश्न पेनाइतकाच जुना आहे. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने शाई आणि हवेची नीट अदलाबदल करणाऱ्या जिभेचं पेटंट १८८४ मध्ये घेतलं. त्याच वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तरुण इंजिनिअर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि खानदेशात आले. पांझरा नदीच्या भागात पाण्यासाठी पाइपचा सायफन बांधणं हे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पांझरेच्या पुलावर उभं राहिलं की मला त्या दोन्ही एकदम आठवतात. एकाच सुमारास एक जण बोटभर नळीतून थेंब नेत होता आणि दुसरे नदीवर पाट.

वॉटरमनच्या पेनात शाई ड्रॉपरने भरत. नंतर रबरी पिशवीची पेनं आली. त्या पिशवीचं तोंड नळीवर ओढून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेने चिकटवत. लाखेचा गुण असा की ती धरून ठेवते, आणि ऊब दिली की सोडतेही, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होत नाही. जुने पेन-दुरुस्तीवाले म्हणून लाखेचं नाव आदराने घेतात. पुढे शाई भरूनच मिळणारं कार्ट्रिज आलं, शाई संपली की टाकून द्यायचं. कन्व्हर्टर बसतो कार्ट्रिजच्याच जागी, पण दौतीतली शाई भरण्याची सोय परत मिळवून देतो. मला त्याचं एवढं अगत्य आहे ते याचसाठी. दौत राहिली तर शाईचे रंग निवडणं राहतं, भरण्याचे ते दोन निवांत क्षण राहतात.

आपल्याकडे मात्र दीर्घ काळ ड्रॉपरचंच राज्य होतं. त्याला कारणंही चांगली होती. कन्व्हर्टरमध्ये शाई एक मिलिलिटरहूनही कमी मावते, ड्रॉपरच्या पेनात सगळी नळीच दौत होते. शिवाय बिघडायला आत काहीच नाही. पुढे शाई आणि पेनंही इथेच घडू लागली. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅमल शाई आणि कॅमलिन हे नाव उभं राहिलं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवलं, आणि १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांना त्याबद्दल पत्र लिहिलं. स्वदेशीच्या त्या काळात पेन आणि शाई हा किती जिव्हाळ्याचा विषय होता, हे अशा गोष्टींवरून कळतं. आमच्या शाळेत परीक्षेच्या दिवशी कुणाची शाई संपली की शेजारचा आपलं पेन उघडून त्याच्या पेनात चार थेंब ओतायचा. मास्तर बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. कन्व्हर्टरच्या पेनात ते इतकं सहज जमत नाही, ही उणीव मला त्याच्यात सगळ्यात जास्त जाणवते.

आता दुरुस्तीबद्दल. घाईने कापायचं नाही, आधी खात्री करायची. मी पेन पूर्ण सुटं केलं आणि गार पाण्यात धुतलं, निळं पाणी स्वच्छ होईपर्यंत. उकळतं पाणी कधीही घेऊ नये. त्याने एबोनाइटची जीभ भुरी पडते आणि प्लास्टिक आणखी फाकतं. स्पिरिट, ॲसिटोन अजिबात नको, त्यांनी प्लास्टिकला बारीक तडे जातात. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, ते जिभेच्या चिरांत क्षार सोडतं. म्हणून शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करावं. पुष्कळदा एवढ्यानेही काम भागतं. सांध्यावर वाळलेल्या शाईची खपली बसलेली असते, ती गेली की कन्व्हर्टर पुन्हा घट्ट बसतो.

माझा बसला नाही. मग पाण्यात शाईचा एक थेंब घालून कन्व्हर्टर भरला, पेनाला लावला, सांध्याभोवती टिपकागदाची पट्टी गुंडाळली आणि निब खाली करून पेन ग्लासात उभं केलं. पट्टी सांध्याशी निळी झाली तर दोष तोंडाचा. दट्ट्याच्या मागे पाणी दिसलं तर दोष दट्ट्याचा, त्याला सिलिकॉन ग्रीसचा एक कण पुरतो. धरायच्या भागालाच तडा असेल तर पट्टी भलत्याच जागी भिजते. अशी चौकशी केल्याशिवाय हत्यार उचलणं मला मंजूर नाही. पट्टीवर बारीक निळी कडी उमटली, बरोबर सांध्याच्या रेषेत.

जळगावच्या सराफ बाजारात माझे एक सोनार मित्र आहेत. त्यांच्याकडे डोळ्याला लावायचं भिंग असतं. त्यातून कन्व्हर्टरचं तोंड बघितलं तर काठाला केसाएवढी चीर दिसली, अर्धा मिलिमीटरही नसेल. त्यांनी पेन बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं. सोन्याच्या कड्याचा फासा ढिला झाला की जशी काळजी ते घेतात, तशीच घेतली. चीर का पडली हेही त्यांनीच सांगितलं: “वाकडं ओढता तुम्ही लोक. बाहेर काढताना डावं-उजवं हलवता.” खरं आहे. कन्व्हर्टर सरळ ओढावा आणि सरळ दाबावा. धुण्यासाठी दर वेळी तो काढायची गरजही नसते. जागच्या जागी दट्ट्या वर-खाली करून धुता येतो.

कापायला नवं ब्लेड घेतलं आणि खाली जाड काच. ब्लेड स्थिर धरून कन्व्हर्टर काचेवर लाटत लाटत फिरवायचा, म्हणजे काप सगळीकडून सारखा येतो. एका दाबात कापलं तर तोंड चेपतं. एक मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. तोंडाच्या आत थोड्या अंतरावर पायरी असते. कापता कापता तिच्यापर्यंत गेलं की नळीला धरायला जागाच उरत नाही. ज्या कन्व्हर्टरची ती पायरी अगदी काठाजवळ आहे, त्याला कापूच नये. कापलेला काठ बारीक पॉलिश पेपरवर अलगद गोल फिरवला आणि त्याचा भुसा नळाखाली धरून धुतला, कारण प्लास्टिकचा एक कण जिभेत शिरला तर नवं दुखणं.

पकड आली, पण मनासारखी नाही. सराफ बाजारात दागिने गाठवणारे पटवेकरी बसतात. त्यांच्यातल्या एका आजोबांचे हात मी पूर्वी बघितले होते. रेशमाच्या दोऱ्याचा एक फास नळीच्या लांबीने आडवा धरायचा, त्याच्यावर फेरावर फेर घ्यायचे, शेवटचं टोक फासात ओवून दुसऱ्या टोकाने खेचायचं. गाठ फेरांच्या पोटात गडप होते, वर फुगवटा राहत नाही. मंगळसूत्राच्या वाटीजवळ तसाच बंद असतो. मी आजोबांकडे कन्व्हर्टर नेला. त्यांनी आधी हात पुसले, चष्मा वर सरकवला आणि बारीक रेशमाचे फेर तोंडाच्या बाहेरून घातले, इतके पातळ की पेनाची मागची नळी वरून सहज बसली. रेशमाने तोंड आवळून धरलं. आता ते फाकू म्हटलं तरी फाकणार नाही. पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला. “लिहायचं काम आहे,” एवढंच म्हणाले.

शेवटी टाचणीच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस आतल्या नळीला बाहेरून लावलं आणि कन्व्हर्टर सरळ दाबून टेकेपर्यंत नेला. व्हॅसलीन वापरू नये, ते रबराला खातं. फेविक्विकसारखं काही तर मुळीच नको. त्याने गळती थांबते, पण मग ते पेन कुणालाच उघडता येत नाही. जी दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीची वाट अडवते तिला मी दुरुस्ती मानत नाही. रात्रभर पेन निब खाली करून ठेवलं, सकाळी टिपकागद कोरडा होता. दौतीत बुडवून दट्ट्या वर घेतला तशी शाई एका दमात काठापर्यंत चढली. बुडबुडा नाही.

हे पेन मला धुळ्यासाठी हवं होतं. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाला. लिहिण्याच्या बाबतीत मात्र जळगाव आणि धुळे या दोन गावांना वेगळं काढणं मला जमत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत आयुष्यभर हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यांनी उभे केले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचा शेवट झाला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. तिथल्या जुन्या कागदांच्या जवळ मी शाई नेत नाही, कुणीच नेऊ नये. तिथे शिसपेन्सिल. दिवसभर पेन्सिलीने टिपून घ्यायचं आणि संध्याकाळी खोलीवर बसून ते शाईने स्वच्छ उतरवायचं, ही माझी रीत. त्या मोडी कागदांवरची काजळाची शाई आजही काळीभोर दिसते. आपली दौतीतली शाई पाण्याच्या एका शिंतोड्याने पुसट होते. म्हणून उतरवलेल्या वह्या जपाव्या लागतात, आणि गळणारं पेन वहीवर चालत नाही.

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नानासाहेब देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं गोळा करून तिथे सांभाळली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं काढावं याबरोबर बोरू कसे आणावे, टाक कसे तोडावे, जवळ काय काय साहित्य असावं हेही समर्थ त्यात बारकाईने सांगतात. तो समास वाचताना मला फार बळ येतं. लिहिणाऱ्याने आपलं साधन आपल्या हाताने राखायचं, हा लेखनाचाच भाग आहे, अशी ती दृष्टी आहे. बोरूचं टोक झिजलं की तो पुन्हा तासायचा. कन्व्हर्टरचं तोंड कापणं हे त्याच कुळातलं काम आहे, असं मी मानतो.

आणि धुळ्याचा तुरुंग. २१ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी विनोबांनी तिथे गीतेवर बोलायला सुरुवात केली आणि १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय संपवला. दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजी त्या वेळी तिथे कैदेत होते आणि ते सगळं उतरवून घेत होते. खानदेशचा अख्खा उन्हाळा त्या लिहिण्यावरून गेला. बोलणारा थांबत नाही, लिहिणाऱ्याला थांबता येत नाही. आज घरोघरी असलेलं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या एका हाताच्या सातत्यातून आलं आहे. गुरुजींचा हात मागे पडला असता तर ती प्रवचनं त्या भिंतींच्या आतच विरली असती.

जळगावजवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींचंही तसंच. शेतात काम करताना, जात्यावर बसल्यावर ओव्या सुचत होत्या, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या आणखी एकाने कागदावर उतरवल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांच्या हाती ते लिखाण पडलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जळगावच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. त्या घरात तेव्हा लिहितं साधन हाताशी होतं आणि लिहून ठेवावं असं कुणाला तरी वाटलं, यावर हे सगळं उभं आहे. धुळ्याला जाता-येता बांभोरीशी विद्यापीठाची कमान दिसली की मला हे आठवतं.

मामांच्या आईला, माझ्या आजीला, अहिराणीतली लग्नातली गाणी येत. त्यांतली थोडी मी हिरव्या पेनाने वहीत उतरवली आहेत, बाकीची ती गेल्यावर गेली. खानदेशातल्या गावागावांत अजून अशा आजी आहेत. जात्यावरच्या ओव्या, पेरणीच्या वेळच्या म्हणी, कानबाईच्या उत्सवातली गाणी त्यांच्या तोंडी आहेत आणि बहुतेक कुठेही लिहिलेली नाहीत. तुमच्याकडे एखादं बंद पडलेलं शाईचं पेन असेल तर ते धुवा, त्याचा सांधा तपासा, ढिला असेल तर वर सांगितलं तसं घट्ट करा. नाहीच जमलं तर नवा कन्व्हर्टर घ्या, तो फार महाग नसतो. मग पेन भरून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि ते जसं बोलतील तसं, त्यांच्याच बोलीत, शब्द न बदलता लिहून घ्या. खाली सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घाला.